टायरच्या वहाणा

सुरगाण्याकडचा काळा कातळ चैत्रात तव्यासारखा तापतो. डोक्यावर मोळी घेऊन घाट उतरायचा, तर पायात काय आहे त्यावर सगळं. आमच्या आज्याची निवड ठरलेली. जुन्या टायरचा तळ, टाचेमागं पट्टा. पट्टा नसला की घाटात वहाण एकीकडं, माणूस एकीकडं! आणि वहाण घ्यायची सांजच्याला. दिवसभर चालून पाय फुगतो, तेव्हाच खरं माप कळतं.

पुढं बाजारात स्वस्त रबरी चपला आल्या. हलक्या, पण तळ पातळ.

२०१८ च्या ६ मार्चला वनजमिनीच्या हक्कासाठी किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईला पायी निघाला. सुमारे १८० किलोमीटर. आमच्या भागातली माणसं त्यात पुष्कळ. तापल्या डांबरावर चपला झिजल्या, तळवे सोलून निघाले. ते फोटो देशानं पाहिले. दहावीच्या पोरांना परीक्षेला जाताना अडचण नको, म्हणून शेवटची मजल याच पायांनी रातोरात, आझाद मैदानापर्यंत.

मुंबईकरांनी पाणी दिलं, चपला दिल्या. आमची चुलती त्यातलाच जोड घालून परतली. जरा मोठा होता. तिनं टाचेमागून सुतळी बांधली होती.