असईनंतरचे चार दिवस

आपल्याकडची युद्धवर्णने बहुधा सूर्यास्ताबरोबर संपतात. बखरकार असो, पोवाडेकार असो की शालेय पाठ्यपुस्तकाचा लेखक असो, कोण जिंकले, कोण हरले, किती तोफा हाती लागल्या आणि कोणकोणते सरदार ‘कामास आले’ एवढे सांगून झाले की लेखणी खाली ठेवली जाते. मेलेल्यांना निदान वीरश्री तरी लाभते. जे मेले नाहीत, पण उठूनही चालू शकले नाहीत, त्यांच्यासाठी मात्र आपल्या ऐतिहासिक गद्यात फारशी जागा नाही. ‘जखमी बहुत झाले’ या तीन शब्दांत त्यांची बोळवण होते. त्या तीन शब्दांच्या आत काय दडलेले असते, हे पाहण्यासाठी जालना जिल्ह्याच्या उत्तरेकडील एका लहान गावाकडे वळावे लागेल.

भोकरदनच्या परिसरात केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दुपारी येथे दौलतराव शिंदे व रघूजी भोसले (दुसरे) यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीच्या कंपनी फौजेची गाठ पडली. नदीच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर दिसतात, त्या अर्थी मध्ये उतार असणारच, असा तर्क करून वेलस्लीने फौज पार नेली, ही कथा इंग्रजी इतिहासग्रंथांतून वारंवार सांगितली जाते. शिंद्यांच्या कवायती पलटणींची सूत्रे पोलमन या हॅनोव्हरच्या सेनानीकडे होती, आणि त्यांच्या तोफखान्याने त्या दिवशी जो मारा केला तो वेलस्लीला अनपेक्षित होता. जवळजवळ शंभर तोफा अखेरीस त्याच्या हाती लागल्या खऱ्या. परंतु त्यांची किंमत जबर होती. कंपनीकडील ४२८ माणसे ठार झाली, १,१३८ जखमी झाली आणि १८ बेपत्ता. एकूण १,५८४. म्हणजे प्रत्यक्ष लढलेल्या सैन्याचा एकतृतीयांशाहून अधिक भाग. चौऱ्याहत्तराव्या स्कॉटिश पलटणीचा तर एकही अधिकारी धड राहिला नाही म्हटले तरी चालेल.

येथून पुढे जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हजाराहून अधिक जखमी माणसे एका दुपारीत शेतांमध्ये, नदीकाठी, गावाच्या भिंतींपाशी पडली. सोबत असलेले शस्त्रवैद्य मोजके. जखमींना उचलण्यासाठी डोल्या आणि त्या वाहणारे भोई. तेही सैन्याच्या नेहमीच्या गरजेपुरतेच. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज काही कोसांवर होती. तोफांचा आवाज ऐकून तो निघाला. पण वाटाड्याने त्याला आधी भोकरदनकडे नेले आणि तो रणांगणावर पोहोचला तो २४ तारखेच्या संध्याकाळी. (वाटाड्याने मुद्दाम दिशाभूल केली असे मानून स्टीव्हन्सनने पुढे त्याला फाशी दिले. त्या अनाम माणसाची बाजू कोणी लिहून ठेवली नाही.) ताज्या दमाची ही फौज लगेच पाठलागावर जायला हवी होती. ती गेली नाही. जखमींच्या मदतीसाठी ती थांबली आणि २६ तारखेला पुढे निघाली. तरीही लढाईनंतर चौथ्या दिवशी रणांगणावरून माणसे उचलून आणणे चालूच होते.

चार दिवस! सप्टेंबरअखेरचे मराठवाड्यातले ऊन आणि मध्येच कोसळणारा परतीचा पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला या दोन शब्दांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे वेलस्लीने डोंगरकडेच्या अजिंठा या तटबंदीच्या गावी रुग्णालय उभे केले आणि तो स्वतः दक्षिणेकडेच थांबून राहिला. विजयी सेनापती पाठलाग सोडून थांबतो, याचे एक मोठे कारण हे जखमी होते. आपण रुग्णालयाला युद्धाच्या परिशिष्टात टाकतो. प्रत्यक्षात रुग्णालय हे मोहिमेचा वेग ठरवत होते. अजिंठ्याची लेणी इंग्रजांच्या नजरेस पडली ती १८१९ मध्ये. तिच्या सोळा वर्षे आधी त्याच नावाच्या गावात शेकडो जखमी माणसे पडून होती, ही गोष्ट कलेतिहासाच्या पुस्तकांत येत नाही. येण्याचे कारणही नाही. पण भूगोलाच्या एकाच तुकड्यावर इतिहासाचे किती थर असतात, याची जाणीव मात्र होते.

आता दुसरी बाजू. मराठ्यांकडील हानीचा आकडा ठार व जखमी मिळून सुमारे ६,००० असा दिला जातो. हा आकडा गोल आहे, अंदाजाचा आहे. एका बाजूचे बेपत्ता अठरा जणही मोजलेले आणि दुसऱ्या बाजूचे हजारो नुसते अदमासाने सांगितलेले, या विषमतेला आपण सहसा ‘साधनांचा अभाव’ म्हणतो. मला वाटते, तो निव्वळ साधनांचा प्रश्न नाही. मोजणी ही शुश्रूषेची पहिली पायरी असते. ज्याची नोंद होते त्याला डोली मिळते, त्याच्या जखमेवर पट्टी बांधली जाते, त्याच्या घरी पैसे जातात. पराभूत सैन्य मागे हटते तेव्हा ही पहिली पायरीच नाहीशी होते.

याचा अर्थ मराठी लष्करी व्यवस्थेला जखमींची जाणीव नव्हती असा काढणे अन्यायाचे होईल. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉयनने आपल्या पलटणींसाठी जे नियम घातले, त्यांत जखमी शिपायाला जखमेच्या मानाने काही दिवसांच्या ते काही महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम आणि कायमचे अपंगत्व आलेल्यास निर्वाहवेतन अशी तरतूद होती. हस्तकौशल्याचे म्हणावे तर लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये १७९४ साली एक वृत्तांत छापून आला. टिपूने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळाची त्वचा वळवून पुन्हा घडवले होते. युरोपातील शस्त्रवैद्यांनी ही रीत तेथून उचलली. तेव्हा विद्या होती, नियमही होते. उणीव होती ती या दोहोंना एका दुपारीत हजार माणसांपर्यंत नेणाऱ्या रचनेची. ही उणीव केवळ आपलीच होती असेही नाही. त्याच काळात फ्रान्समध्ये लारे हा नेपोलियनचा शस्त्रवैद्य लढाई चालू असतानाच जखमींना उचलणाऱ्या हलक्या गाड्या वापरत होता आणि हुद्दा न पाहता जखमेची तीव्रता पाहून क्रम लावावा असा आग्रह धरत होता. असईच्या विजेत्यांकडेही अशा गाड्या नव्हत्या.

येथे आपत्तीची एक व्याख्या हाती लागते. जखमींची संख्या मोठी असणे म्हणजे आपत्ती नव्हे. जखमी आणि त्यांना सावरणारे हात यांचे गुणोत्तर कोलमडणे म्हणजे आपत्ती. दहा जणांच्या दवाखान्यात पन्नास जण आले की ती आपत्तीच. आणि अशा वेळी वैद्याला आपल्या नेहमीच्या धर्माविरुद्ध वागावे लागते. एरवी तो समोरच्या रुग्णासाठी सर्वस्व पणाला लावतो. आता कोणाला आधी, कोणाला नंतर आणि कोणाला केवळ वेदनाशमन, हे त्याला काही क्षणांत ठरवावे लागते. आजच्या रुग्णालयांत लाल, पिवळी, हिरवी आणि काळी अशा पट्ट्यांनी ही निवड केली जाते. रंग साधे आहेत. त्यांमागचा नैतिक पेच साधा नाही. म्हणूनच तो पेच आधी, शांतपणे, सराव करून सोडवून ठेवावा लागतो.

आपल्या भाषेतही या इतिहासाच्या खुणा आहेत. ‘दवाखाना’ फारसी वळणाचा, ‘इस्पितळ’ युरोपीय संपर्कातून आलेला, ‘रुग्णालय’ संस्कृतातून घडवलेला. संस्थेसाठी आपण तीन शब्द कमावले. मात्र एकाच वेळी आलेल्या असंख्य जखमींमधून क्रम लावण्याच्या त्या कृतीला मराठीत अजून सर्वमान्य शब्द नाही. डॉक्टर मंडळी ‘ट्रायाज’च म्हणतात.

असईनंतर १९० वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, याच मराठवाड्यात किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीच्या जड माळवदांखाली लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे गेली. तेव्हा लातुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. जखमींचा ओघ मिळेल त्या वाहनाने उमरगा, लातूर, सोलापूर असा वाहत गेला. अशा प्रसंगी चालू शकणारे, किरकोळ जखमी आधी पोहोचतात आणि खाटा भरतात. ढिगाऱ्याखालून काढावे लागणारे गंभीर जखमी नंतर येतात. शेतांतून चौथ्या दिवशी उचलून आणलेले असईचे शिपाई येथे पुन्हा आठवतात.

किल्लारीने महाराष्ट्राला जिल्हावार आपत्ती नियोजनाकडे वळवले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आले. ज्या जिल्ह्यात असई आहे, त्या जालन्याला मात्र स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले. भट्ट्यांत पोलाद वितळवणाऱ्या या शहराला भाजलेल्या माणसांचा विचार करण्यासाठी भूकंपाची वाट पाहण्याची गरज नाही. इमारत उभी राहील, फलक लागेल. पण रक्तसाठा किती, वीज गेली तर काय, रजेवरच्या परिचारिकांना बोलावणार कोण, शेजारच्या तालुक्यातून किती रुग्णवाहिका किती वेळात येतील, या कंटाळवाण्या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवली असतील तरच ती इमारत त्या रात्री रुग्णालय ठरेल.

साहित्याच्या अभ्यासकांनी यात काय करावे, असे कोणी विचारील. आपले काम शब्दांचे. पानिपतावर आपण बखर, पोवाडे, कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या शिकवतो. त्या शिकवताना ‘जखमी बहुत झाले’ या वाक्याशी थोडे थांबावे, आणि विद्यार्थ्यांना विचारावे: ते कोठे गेले? त्यांना कोणी उचलले? असईच्या तोफा मोजून झाल्या आहेत. डोली वाहणाऱ्या भोयांची गणती अजून बाकी आहे.