बांधकामस्थळावरील गाळनियंत्रण

बांधकामासाठी उघडी पडलेली माती पावसाच्या पाण्याबरोबर ओढे, गटारे व नद्यांत जाऊ नये म्हणून केलेली व्यवस्था. झाडोरा काढल्यावर पावसाचे थेंब थेट मातीवर आपटून कण सुटे करतात आणि उतारावरचे पाणी ते वाहून नेते. या गाळाने पाणवनस्पतींना प्रकाश मिळत नाही, माशांची अंडी बुजतात आणि नाले उथळ होऊन पुराचे पाणी वस्तीत शिरते.

या विषयाचा पायाभूत अभ्यास अमेरिकेतील मेरिलंड राज्यात झाला. एम. गॉर्डन वोलमन व ए. पी. शिक यांनी १९६७ मध्ये दाखवले, की ग्रामीण भागातून दर चौरस मैलामागे वर्षाला काही शे टन गाळ निघतो. बांधकाम चालू असलेल्या छोट्या क्षेत्रांतून त्याच हिशेबाने लाख टनांहूनही अधिक निघू शकतो. १९७० मध्ये मेरिलंडने यासाठी राज्यव्यापी कायदा केला.

उतारावर समपातळीत उभारलेले जिओटेक्स्टाइलचे कुंपण ही सर्वांत परिचित योजना. ते गाळणीसारखे काम करते असा समज आहे. प्रत्यक्षात ते पाणी तुंबवते आणि त्या संथ पाण्यात कण खाली बसतात. कापडाची खालची कड चरात घट्ट पुरलेली नसेल, तर पाणी खालून निसटते आणि कुंपण नुसते दिखाव्याचे उरते. ओहोळाच्या मुख्य धारेत तर ते टिकतच नाही. तिथे दगडी बांध घालावे लागतात. मोठ्या कामांवर पाणी निवळण्यासाठी तळे खोदतात.

पण तळ्यालाही मर्यादा आहे. स्टोक्सच्या नियमानुसार ०.०६ मिमी व्यासाचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला सुमारे पाच मिनिटे घेतो, ०.००२ मिमीच्या चिकणमातीच्या कणाला तीन दिवसांहून अधिक लागतात. तोवर पुढची सर येते. पॉलिअ‍ॅक्रिलामाइडसारखी द्रव्ये असे कण एकत्र आणतात, मात्र त्यांतील धनप्रभारी प्रकार माशांच्या कल्ल्यांना घातक ठरतात.

म्हणून माती जागेवरून हलूच न देणे हाच खरा उपाय: लागेल तेवढीच जमीन टप्प्याटप्प्याने उघडायची, वरून येणारे पाणी चर काढून वळवायचे, उघड्या उतारावर पेंढा किंवा काथ्याची जाळी अंथरून गवत पेरायचे. कोकण व सह्याद्रीत पाऊस जूनपासून चार महिन्यांत एकवटलेला असतो. तिथे डोंगर कापून केलेला उतार मेअखेरपर्यंत झाकला गेलाच पाहिजे. पाऊस सुरू झाल्यावर लावलेले कुंपण ती माती रोखू शकत नाही.