गाडी सजविणारे हात

श्रोतेहो, मोटारीची हौस हा पैसेवाल्यांचा विषय. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्यांनी त्यावर काय बोलावे, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. आम्हांस मात्र हा विषय परका वाटत नाही. माणूस नवी कोरी गाडी घरी आणतो आणि महिना उलटण्यापूर्वीच तिची चाके, दिवे, आसने बदलावयास घेतो. कारखान्यातील जाणत्या अभियंत्यांनी सिद्ध केलेली वस्तू त्याला अपुरी का वाटावी? हौसेला मोल नाही, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येतो. परंतु हौसेलाही इतिहास असतो, आणि तो शोधण्यासाठी आरंभी तरी आपला जिल्हा सोडण्याचे कारण नाही.

पूर्वी आपल्याकडे बंडी किंवा दमणी तयार विकत मिळत नसे. गावचा सुतार लाकूड पारखून ती घडवी आणि लोहार तापविलेली लोखंडी धाव चाकावर चढवी. बैलांची उंची, शेताची वाट, घरची ऐपत, सारे विचारात घेऊन गाडीची घडण ठरे. म्हणून ती जन्मतःच कोणाची तरी असे. दुरून येणारी दमणी कोणाच्या घरची, हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नसे.

ही रीत मोडली ती कारखान्याने. अमेरिकेत हेन्री फोर्डने १९०८ साली 'मॉडेल टी' ही मोटार बाजारात आणली आणि १९१३ साली सरकत्या पट्ट्यावर तिची जुळणी सुरू केली. प्रत्येक कामगाराने दिवसभर एकच लहानसे काम करावयाचे, असा तेथील शिरस्ता होता. १९१४ ते १९२५ पर्यंत ही गाडी केवळ काळ्या रंगात मिळे. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या. मोटार स्वस्त झाली, सामान्यांच्या दारी आली, हा लाभ आम्ही नाकारीत नाही. परंतु जुळणी करणाऱ्याला 'ही मी घडविली' असे म्हणता येईना, आणि घेणाऱ्याला 'ही माझ्यासाठी घडली' असे म्हणता येईना.

मग घेणाऱ्यानेच हत्यारे हाती घेतली. अमेरिकन शेतकऱ्यांनी मोटारीचे मागचे चाक उचलून त्याला पट्टा लावला आणि लाकडे कापली, पाणी उपसले. १९३० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या गाड्यांचे चिखलरोधक काढून, इंजिने सुधारून कोरड्या तलावांच्या पात्रांत शर्यती लावू लागले. जनरल मोटर्स कंपनीने तर १९२७ सालीच हार्ली अर्ल यांच्या हाताखाली कला आणि रंग यांचा स्वतंत्र विभाग उघडला होता. वेगळेपणसुद्धा कारखान्यातून विकत मिळू लागले. तरी हौशी माणसाचे समाधान झाले नाही, कारण ते वेगळेपण दुसऱ्याने ठरविलेले होते. आठवडाभर दुसऱ्याच्या हुकुमाने काम करणारा माणूस रविवारी गाडीचे झाकण उघडतो. तेथे काम त्याचे, निर्णय त्याचा, आणि आरंभापासून शेवटापर्यंत पाहिलेले फळही त्याचेच. आमच्या मते या आनंदाचे मूळ येथे आहे.

आता पुन्हा आपल्या रस्त्यांकडे वळू. १९५४ साली जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात जर्मन सहकार्याने ट्रक बनू लागले. आपल्या देशात ट्रक पुष्कळदा नुसता सांगाडा म्हणून विकला जाई. त्यावर लाकडी हौदा आणि चालकाची खोली चढवीत ती गावोगावचे सुतार, लोहार आणि रंगारी. पांढरकवड्याच्या बाजूने नागपूर-हैदराबाद मार्गावर उभे राहा. मोर, कमळे, देवांची नावे, लेकरांची नावे, काळे गोंडे, लिंबू-मिरची, सारे डोळ्यांपुढून जाईल. नोंदणीच्या कागदावर नाव मालकाचे. पण आरशाला गोंडा बांधणारा आणि काच पुसणारा हात बहुधा चालकाचा. पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ट्रकाच्या पाठीवरच्या तिरकस ओळी त्याच कुळातल्या वाटतील.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ बांधणीत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच उचलून धरले. डोळे दिपविणारे दिवे समोरच्या चालकाच्या जिवावर उठतात आणि फोडलेला सायलेन्सर गल्लीतल्या आजाऱ्याची झोप मोडतो; तेथे हौसेची बाजू आम्ही घेणार नाही. २०१५ साली राज्य सरकारने 'हॉर्न ओके प्लीज' या अक्षरांना बंदी केली, तीही गोंगाटाला आळा बसावा म्हणून.

परंतु आमचे मुख्य म्हणणे निराळे आहे. पोळ्याला बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळतात, शिंगे रंगवितात, अंगावर झूल आणि गळ्यात घागरमाळ घालतात. बैल मालकाचा असतो, सजविणारा हात पुष्कळदा सालगड्याचा असतो. आणि त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. सजावट आणि विसावा आपल्या पूर्वजांनी एकत्र बांधला. ट्रकाच्या वाट्याला सजावट आली; चालकाच्या वाट्याला विसावा आला काय? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस ठरविला, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांनाच लागू होता. एकदोन ट्रकांच्या मालकाकडील चालक त्या कुंपणाबाहेर राहिला. २०२० च्या श्रमसंहितेतही मर्यादा आठ तासांचीच आहे. ती रस्त्यावर उतरविणे हेच खरे काम. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालमोटारींत चालकाची खोली वातानुकूलित असणे सरकारने सक्तीचे केले आहे. आपल्या वैशाखाची झळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे मोल सांगावयास नको. मात्र जुन्या ट्रकांतील चालकांना हा लाभ नाही.

म्हणून, श्रोतेहो, हौशी माणसाला हसू नका. हातांनी केलेल्या कामाची त्याची भूक खरी आहे. आणि रस्त्याने सजलेला ट्रक जाताना पाहाल तेव्हा त्याच्या नक्षीचे कौतुक अवश्य करा, पण आतल्या माणसाने किती तास चाक धरले आहे, हेही विचारा. तसे विचारणारे नागरिक वाढले, तर कायद्यातले आठ तास त्याच्यापर्यंत पोहोचण्यास मदत होईल.