सातारची वाट

लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीस जात असू. चढण अर्ध्यावर आली की पाय भरून येत आणि "बसू या ना!" अशी कुरकुर सुरू होई. आजोबा म्हणत, "बसा की! पण त्या वळणावर जाऊन बसा." वळण आले की बसण्याची आठवण कुणालाच राहत नसे. वर पोचल्यावर ते समुद्रातला सुवर्णदुर्ग दाखवीत आणि म्हणत, "हर्णैच्या पलीकडे मुरूड. अण्णा कर्वे तिथले." अण्णांच्या सातारच्या वाटेची गोष्ट मी प्रथम तिथे ऐकली.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. मुरूडला सोमण गुरुजींच्या हाताखाली शिकलेल्या या मुलाला १८७५ साली सहावीची परीक्षा द्यायची होती. सरकारी नोकरीचा दरवाजा त्या काळी तिनेच उघडे. पावसाळ्यात गलबते बंद, म्हणून मुंबईची वाट खुंटलेली. तेव्हा सोबत्यांसह तो पायीच साताऱ्यास निघाला. सुमारे ११० मैलांची मजल, वरून कोसळणारा पाऊस आणि मध्ये कुंभार्लीचा घाट! चार दिवसांत मुले पोचली. पण परीक्षकांनी त्याच्या किरकोळ अंगकाठीकडे पाहिले आणि सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्याला परत पाठविले. सतरावे तर केव्हाच सरले होते!

आता वाचकहो, या चार दिवसांच्या तंगडतोडीचे फळ काय? त्या दिवशी तरी काहीच नाही. पण मुलगा खचला नाही. पुढे त्याने कोल्हापूरला ती परीक्षा दिली. १८८१ मध्ये, तेविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाला आणि १८८४ मध्ये बी. ए.

१८९१ साली कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी इटलीतील तुरीनच्या आंजेलो मोसो या शास्त्रज्ञाने थकव्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. बोटाने पुन्हा पुन्हा वजन उचलायला लावणारे एक यंत्र त्याने बनविले होते. परीक्षा घेऊन दमलेल्या अध्यापकाचे बोटही त्या यंत्रावर लवकर हार खाते, असे त्यास आढळले. शिणले होते डोके, आणि थकले बोट! म्हणजे थकवा हा केवळ स्नायूंचा मामला नव्हे. मनाचा त्यात मोठा वाटा असतो. आखाड्यातला वस्ताद नव्या पोराला "आणखी दहा बैठका" म्हणतो, तेव्हा तो पोटऱ्यांइतकेच मनालाही वळण लावीत असतो.

कर्व्यांच्या मनाची परीक्षा पुढे होतीच. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला आणि मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. १९०० साली त्यांचा आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी चार मैल चिखल तुडवीत हिंगणे. तिथे मुलींना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा पुणे. जाताना आश्रमासाठी लागणारे सामानसुमान पुष्कळदा त्यांच्याच खांद्यावर असे. सातारच्या वाटेनेच त्यांना हिंगण्यास नेले असे मी म्हणणार नाही. माणसाचे आयुष्य इतके सरळ नसते. पण पाय "नको" म्हणत असताना मनाने चालत राहायचे, हा धडा त्यांनी सतराव्या वर्षीच गिरवला होता, एवढे खरे.

याचा अर्थ अंगाचे हाल करावेत असा मात्र नव्हे. दुखऱ्या गुडघ्याने धावणे ही जिद्द नव्हे, अडाणीपणा आहे. झेपेल त्याहून थोडे अधिक, रोज, आणि मग पुरती विश्रांती, हाच तालमीचा जुना शिरस्ता. अण्णा १०४ वर्षे जगले. १९५८ साली शंभरी गाठली, तेव्हा त्यांना भारतरत्न मिळाले होते. १९६२ मध्ये ते गेले.

यंदा नातवंडांना घेऊन मी आंजर्ल्याची ती चढण चढलो. अर्ध्यावर धाकटीने बसकण मारली. मी तिला अण्णांची गोष्ट सांगितली नाही. "त्या वळणावर बसू," एवढेच म्हणालो. ती उठली. खरे सांगायचे तर त्या वळणावर बसण्याची गरज या वेळी मलाच अधिक होती!