रंगाची साक्ष

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, सुपे येथे काळी नदी अडवून बांधलेले धरण १९८७ साली पुरे झाले व जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. असे धरण खडक फोडल्यावाचून उभे राहत नाही. स्फोटद्रव्य हे मुळात पाथरवटाचे व खाणकामगाराचे हत्यार होय. परंतु १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत स्फोटमालिका झाली, २५७ माणसे प्राणास मुकली, आणि रायगडच्या किनाऱ्यावर दिघी व शेखाडी येथे उतरविलेल्या आरडीएक्सचे नाव महाराष्ट्रातील घरोघरी पोहोचले. हातावर, कापडावर अगर मातीत उरलेला स्फोटद्रव्याचा कण ओळखावा कसा, हा प्रश्न तेव्हापासून केवळ रसायनशास्त्रज्ञांचा राहिला नाही.

या विद्येचे आपल्याकडील घर पुण्यास आहे. स्फोटद्रव्यांच्या तपासणीसाठी १९०८ साली नैनिताल येथे निघालेली एक लहानशी कचेरी वाढत वाढत १९६० साली पुण्यास आली. आज ती उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा म्हणून ओळखली जाते. तिने सिद्ध केलेल्या तपासणी-पेटीत तीन ते पाच मिलिग्रॅम नमुना घेऊन त्यावर द्रावणाचे तीन-चार थेंब टाकावयाचे व उमटलेल्या रंगावरून द्रव्याची जात ठरवावयाची, इतका सोपा विधी आहे. शिपायासही तो करता यावा, हाच त्यातील मोठेपणा.

मात्र रंगाच्या साक्षीला एक काळा इतिहास आहे, व तो विसरून चालणार नाही. नायट्राइट ओळखणारी प्रसिद्ध परीक्षा पीटर ग्रीस या जर्मन रसायनज्ञाच्या नावाने ओळखली जाते. इंग्लंडातील एका मद्याच्या कारखान्यात नोकरी करीत या गृहस्थाने आपले संशोधन चालविले होते. २१ नोव्हेंबर १९७४ रोजी बर्मिंगहॅममधील दोन पानगृहांत बाँब फुटून २१ जण ठार झाले. सहा आयरिश माणसे पकडली गेली. ग्रीसच्या परीक्षेत त्यांपैकी दोघांच्या हातांवरील नमुन्यांना रंग चढला, आणि त्यांनी नायट्रोग्लिसरिन हाताळल्याची ९९ टक्के खात्री असल्याचे तपासनिसाने न्यायालयात सांगितले. १९७५ साली सहाही जणांना जन्मठेप झाली. पुढे दिसून आले की, पत्त्यांच्या तकतकीत पृष्ठभागातील नायट्रोसेल्युलोजनेदेखील तसाच रंग येऊ शकतो. आणि अटकेपूर्वी आगगाडीत ही मंडळी पत्ते खेळत होती. ती निर्दोष सुटली १४ मार्च १९९१ रोजी, सोळा वर्षांनी.

कमी द्रव्यात ओळख पटावी आणि ती चुकू नये, या दुहेरी गरजेतून संशोधकांची दृष्टी सोन्याकडे वळली. सोने पिवळे, हे लहान मुलालाही ठाऊक. पण त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगू लागले की पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरेडे याने १८५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या लाल द्रवाचा विचार मांडला. त्याने केलेले काही द्रव रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेले आहेत. या रंगाचे गणित गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ साली सोडविले. नैनितालची कचेरी निघाली तेच हे वर्ष! प्रकाशाच्या लहरीने सुवर्णकणातील विद्युत्कण एकाच तालात हेलकावतात व हिरवा प्रकाश शोषून घेतात; म्हणून लाल उरतो. कण एकमेकांस बिलगले की तो ताल बदलतो आणि द्रव जांभळा, निळा होतो.

२००८ साली चीनमधील संशोधकांनी नेमका याच गुणाचा उपयोग केला. सुवर्णकणांवर त्यांनी सिस्टेअमिन या अमाइन द्रव्याचे वेष्टन चढविले. टीएनटीच्या रेणूस विद्युत्कणांची ओढ, अमाइन ते देण्यास उत्सुक. त्यांची गाठ पडताच कण गोळा होतात, आणि लाल द्रव डोळ्यांदेखत निळा पडतो.

दुसरी वाट आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२८ सालच्या शोधातून निघते. विखुरलेल्या प्रकाशात प्रत्येक रेणूची स्वतंत्र खूण असते. पण ती फार क्षीण. खडबडीत चांदीवर बसलेल्या रेणूंची ही खूण विलक्षण ठळक होते, असे साउदॅम्प्टन येथील संशोधकांना १९७४ साली, म्हणजे बर्मिंगहॅमच्याच वर्षी, दिसून आले. सोन्यातही हा गुण आहे. हैदराबाद विद्यापीठात सोन्याचांदीच्या अशा सूक्ष्म रचनांवर स्फोटद्रव्यांचे अंश ओळखण्याचे काम झाले आहे. येथे नुसता रंग पाहावयाचा नसून रेणूची ठेवणच वाचावयाची असल्यामुळे पत्त्याला बाँब समजण्याचा धोका कमी.

कमी, पण नाहीसा नव्हे. सुवर्णकणांस मिठाचे वावडे आहे. घामातले अगर खाऱ्या वाऱ्यातले मीठ त्यांच्यात मिसळले, तर स्फोटद्रव्याचा लवलेश नसतानाही ते गोळा होऊन निळे पडू शकतात. कारवारच्या किनाऱ्यावरील कोळ्याचा हात आणि जोयड्याच्या शेतात नत्रखत टाकणाऱ्या कुणब्याचा हात, दोन्ही या परीक्षेच्या दृष्टीने अवघड हात आहेत. म्हणूनच जागेवर घेतलेला नमुना पुढे प्रयोगशाळेत जातो, आणि रेणूचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर तो पुन्हा पडताळून पाहिला जातो.