भाषिक बुद्धिमत्ता

भाषिक बुद्धिमत्ता : शब्दांचा अर्थ, नाद व क्रम यांची सूक्ष्म जाण असण्याची आणि बोलून किंवा लिहून हवा तो आशय नेमका पोहोचवण्याची क्षमता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली ‘फ्रेम्स ऑफ माइंड’ या ग्रंथात बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धांत मांडला. त्यातील मूळच्या सात बुद्धिमत्तांपैकी ही एक होय.

स्वरूप : गार्डनर यांनी भाषेचे चार उपयोग महत्त्वाचे मानले आहेत. श्रोत्याचे मन वळवणे, माहिती स्मरणात ठेवणे, एखादी गोष्ट समजावून देणे आणि खुद्द भाषेचा विचार करणे हे ते उपयोग. मराठी जीवनात हे चारही दिसतात. कीर्तनकार श्रोत्यांना आपल्या म्हणण्याकडे वळवतो, पाढे आणि श्लोक पाठांतराने टिकतात, शिक्षक उदाहरणांनी विषय उलगडतो, तर कोडी आणि शब्दांच्या भेंड्या खेळताना मुले शब्दांचीच उलटतपासणी करतात.

शारीरिक आधार : पॉल ब्रोका (१८६१) व कार्ल वेर्निके (१८७४) यांच्या संशोधनातून बोलणे आणि आकलन यांचा मेंदूतील विशिष्ट भागांशी असलेला संबंध पुढे आला. बहुतेक लोकांत हे भाग डाव्या गोलार्धात असतात. मेंदूच्या इजेने वाचा गेलेल्या काही रुग्णांना गाणे किंवा चित्र काढणे जमते. भाषेची क्षमता वेगळी मानण्यामागे गार्डनर यांचा हा एक आधार आहे.

साक्षरतेशी संबंध : ही बुद्धिमत्ता अक्षरओळखीवर अवलंबून नसते. जळगावजवळच्या असोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांनी आपल्या खानदेशी बोलीत ओव्या रचल्या. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि आप्तांनी त्या टिपून ठेवल्या. आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या.

मर्यादा : मनाच्या निरनिराळ्या क्षमतांमध्ये परस्परसंबंध आढळतो, हे चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये दाखवले होते. त्यामुळे स्वतंत्र बुद्धिमत्तांची कल्पना अनेक मानसशास्त्रज्ञांना मान्य नाही. तिला प्रायोगिक पुरावा अपुरा आहे, असा त्यांचा आक्षेप आहे. म्हणून ‘हे मूल भाषेचे, ते गणिताचे’ असे शिक्के मारण्यासाठी हा सिद्धांत वापरणे चुकीचे ठरते.

विकास : भाषा ऐकण्या-बोलण्यातून वाढते. मुलाशी निवांत गप्पा मारणे, त्याचे बोलणे पुरते ऐकून घेणे, गोष्ट मोठ्याने वाचून दाखवणे, बडबडगीते म्हणणे, पाहिलेला प्रसंग त्याच्याकडून वदवून घेणे आणि पुढे तोच लिहायला लावणे, ही भाषावाढीची साधी व परिणामकारक साधने आहेत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाड्यांवरची मुले शाळेत येत नव्हती, तेव्हा त्यांच्या अंगणातच शाळा भरवण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालली. मुलाच्या ओळखीच्या परिसरातून, गाण्या-गोष्टींतून शिक्षणाला सुरुवात करण्याची ही दृष्टी भाषाविकासालाही पायाभूत आहे.

बहुभाषक परिसर : मीरा-भाईंदरमधील पूनम सागरसारख्या वसाहतींत मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू अशा भाषा शेजारी-शेजारी नांदतात आणि अनेक मुलांच्या शाळेचे माध्यम इंग्रजी असते. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द येणे हे अशा मुलांत स्वाभाविक असते. ते मंदबुद्धीचे किंवा गोंधळाचे लक्षण नव्हे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला आहे. तथापि तासिकेतील भाषेला घर आणि अंगण यांची जोड हवी. घरची भाषा सोडून दिल्याने इंग्रजी सुधारते, हा समज निराधार आहे. घरच्या भाषेत भरपूर ऐकलेले आणि मोकळेपणाने बोललेले मूल पुढची प्रत्येक भाषा अधिक भक्कम पायावर शिकते.