११ मार्च : देवरुखच्या बाया
१८९३ साली आजच्या दिवशी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी देवरुखच्या गोदूबाई जोशी (पुढच्या बाया कर्वे) यांच्याशी पुनर्विवाह केला. गोदूबाईंचं पहिलं लग्न आठव्या वर्षी झालं होतं आणि तीनच महिन्यांत त्या विधवा झाल्या. पुढे त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या. नवं जोडपं मुरुडला गेलं, तेव्हा गावाने सभा भरवून बहिष्कार टाकला. कर्व्यांनी विम्याचे पाच हजार आपल्या विधवांच्या आश्रमाला देऊन टाकले, तेव्हा बाया चांगल्याच तापल्या. का तापू नयेत? घर त्यांनाच चालवायचं होतं! तरी आश्रमासाठी वर्गणी मागत फिरल्या त्याच. ‘माझे पुराण’ हे त्यांचं रोखठोक आत्मकथन. १९५० साली त्या गेल्या. अण्णा, म्हणजे कर्वे, त्यांच्यामागे बारा वर्षं होते.